पॉइंट टू टू घ्यायचीय? आधी खांद्याला लावून बघा

आपल्या भागात ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली, त्यांनी आयुष्यातला पहिला बार बहुतेक पॉइंट टू टूचाच, म्हणजे .२२ काडतुसाच्या छोट्या रायफलीचाच काढलेला असतो. पालथं पडायचं, पुढ्यात मोजून दिलेली काडतुसं, समोर कागद, मागून उस्तादांचा आवाज. पुढे बहुतेकांचा बंदुकीशी संबंध संपतो. पण १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक ४५१.४ गुणांनी मिळवलं आणि सांगली, सातारा, कराडकडची पोरं पुन्हा विचारू लागली, "काका, कुठली रायफल घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता काहीच घेऊ नका. कुठली घ्यायची हे कळायला आधी दुसऱ्यांच्या चार रायफली खांद्याला लावाव्या लागतात. ते कसं करायचं, कोणती रायफल आणि कोणतं पिस्तूल कशामुळे चांगलं, कागदपत्रं काय आणि घरी आणल्यावर सांभाळायचं कसं, ते पुढे लिहितो.

आधी काडतूस समजून घ्या

पॉइंट टू टूला रिमफायर म्हणतात, कारण तिची ठिणगी पुंगळीच्या कडेत असते. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी बसवलेली असते. इथे तशी टोपी नसते. पुंगळीचा पत्रा बुडाशी बाहेर दुमडून पोकळ कड केलेली असते आणि स्फोटक मसाला त्या पोकळीत भरलेला असतो. पिन कडेवर आपटते, पत्रा चेपतो, मसाला पेटतो. पत्रा चेपला जाण्याइतका पातळ ठेवावा लागतो, म्हणून आतला दाबही बेताचाच असतो. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, किंमत कमी. आणि एकदा चेपलेली कड परत वापरता येत नाही, म्हणून हे काडतूस घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

आज जे सगळीकडे चालतं ते .२२ लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीनं ते १८८७ मध्ये आणलं. शिशाची ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची गोळी. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. ध्वनीपेक्षा वेगानं निघालेली गोळी वाटेत मंदावून ती सीमा ओलांडते तेव्हा थोडी डगमगते, आणि कागदावर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, फाकतो. डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' दिसलं की नवखा खूश होतो. नेमबाजाच्या ते काही कामाचं नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. .२२ मॅग्नम हे वेगळं काडतूस आहे. त्याची पुंगळी लांब आणि जाड असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, लाँग रायफल सैल बसते आणि बार काढल्यावर पुंगळी फाटू शकते. नळीवर जे कोरलंय तेच काडतूस वापरायचं. आणि 'छोटी' म्हणून हिला कुणी खेळणं समजू नये. उंच धरून सुटलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. उसाच्या फडात सरावाला उभं राहणाऱ्यानं पलीकडची वस्ती किती लांब आहे ते आधी मोजावं. खरं तर तिथे उभंच राहू नये. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा असतो.

पहिली पायरी: एअर रायफल आणि रेंज

४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. सुरुवात तिच्यावर करा. १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे उभं राहणं, श्वास आणि चाप यांतली प्रत्येक चूक लगेच दिसते. बहुतेक क्लबांमध्ये १० मीटरचीच सोय असते. ५० मीटरच्या रेंजला जागा आणि मागे भक्कम बांध लागतो. त्यामुळे सांगली-मिरजेकडचे नेमबाज कोल्हापूर गाठतात आणि साताऱ्याकडचे पुण्यात बालेवाडीला जातात. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: ५० मीटर चालू आहे का, क्लबची पॉइंट टू टू वापरायला मिळते का, आणि काडतुसं कोण देणार. तिसरं विचारायचं राहिलं की फेरी फुकट जाते.

कोल्हापूरचं नाव नुसतं जवळ आहे म्हणून घेत नाही. तेजस्विनी सावंत तिथलीच, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याची, विश्वविजेती झाली. राही सरनोबत तिथलीच, तिनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. असे नेमबाज जिथे घडतात तिथे जुनी शस्त्रं आणि ती हाताळलेली जाणती माणसं दोन्ही सापडतात, आणि शिकणाऱ्याला ती दोन्ही लागतात.

रायफल कशी जोखायची

रायफल हातात आली की कंपनीचं नाव वाचण्याआधी पुढच्या गोष्टी बघा. रिकामी आहे का, हे स्वतः बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून, चेंबरमध्ये बोट घालून तपासा. समोरच्यानं 'रिकामीच आहे' म्हटलं तरी तपासा.

मग कुंदा, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता. कोपर काटकोनात वाकवा, कुंद्याचं बूड दंडाला टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज यायला हवं. बोट ताणावं लागलं तर कुंदा लांब, तळव्याकडे दुमडलं तर आखूड. आता खांद्याला लावून डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, डोळ्यासमोर आपोआप आली पाहिजे. मान वाकवून किंवा गाल दाबून साइट शोधावी लागत असेल तर गालपट्टी तुमच्या मापाची नाही. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीत गालपट्टी आणि बूडपट्टी वरखाली, मागेपुढे सरकते. तिच्या किमतीचा बराच भाग या सरकण्यातच असतो.

तिसरा चाप. चांगल्या मॅच चापाला दोन टप्पे असतात. पहिला हलका प्रवास, मग भिंत, आणि भिंतीवर किंचित दाब दिला की सुटतो. ओढल्यासारखं वाटत नाही. ५० मीटर रायफलीला चापाच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून अनेक नेमबाज तो शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. नवख्यानं एवढा हलका ठेवू नये.

नळी शेवटी बघा. नळीच्या तोंडाची कड म्हणजे क्राउन. गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. तिथे एक ओरखडा असला तर बाकी रायफल कितीही देखणी असो, ग्रुप एका बाजूला ओढला जातो.

माझ्या आवडीच्या रायफली

अँशुट्झ. दुसऱ्या नावानं सुरुवात करणं खोटेपणाचं होईल. १८५६ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजियात सुरू झालेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उल्मला नव्यानं उभी राहिलेली ही कंपनी. तिची 'मॅच ५४' ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि त्याचं घर हे इतकं घट्ट आणि सरळ की बोल्ट बंद करताना कुलपात चावी फिरल्यासारखं वाटतं. १८१३, १९१३, २०१३ या मॉडेलांनी पिढ्यानपिढ्या पदकं मिळवली. एकेक काडतूस हातानं भरायचं, जड नळी, फार हलणारे भाग नाहीत. तीस वर्षांची जुनी १८१३ नीट ठेवलेली असेल तर नव्या नेमबाजाला आयुष्यभर पुरते, म्हणून नव्या मध्यम रायफलीपेक्षा मी जुनी ५४ सुचवतो. त्याच कंपनीची १९०३ ही हलक्या 'मॅच ६४' ॲक्शनवरची, क्लबात शिकणाऱ्यांसाठीची. चाप तितका राजेशाही नाही, पण ज्युनियरला पुष्कळ आहे.

वॉल्थरची केके मालिका आणि फाइनवेर्कबाउच्या मॅच रायफली याच तोडीच्या. वॉल्थरचे ॲल्युमिनियमचे दस्ते मापाला बसवणं मला सोपं वाटतं. स्विस ब्लायकर आणि ग्रुनिग अँड एल्मिगरही अव्वल, पण दुरुस्तीचा भाग मागवायची वेळ आली तर इथे बसून वाट बघावी लागते.

आता स्पर्धेबाहेरची, पण मनाच्या जवळची. चेक बनावटीची ब्रनो नंबर टू भारतात इतकी मुरलेली आहे की जुन्या परवानाधारकांच्या घरी ती अजून निघते. लाकडी दस्ता, पाच गोळ्यांचं निघणारं मॅगझिन, साधा बोल्ट आणि कारखान्यातून येतानाच चांगली असलेली नळी. सीझेड ४५२, ४५५ आणि आताची ४५७ ही त्याच घराण्यातली. मॅच रायफल सहा-सात किलोंची, ही तिच्या निम्म्याच्या आसपास. उभ्यानं नेम धरायला शिकण्यासाठी अशी हलकी रायफल चांगली, कारण तुमचं हलणं ती झाकत नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए मार्टिनी रायफलीत बोल्टच नसतो. खालची कडी ओढली की मागचा ठोकळा खाली झुकतो आणि चेंबर उघडतं. कुठे चांगल्या अवस्थेत दिसली तर निदान हाताळून बघा.

अमेरिकेत १९६४ पासून रुगर १०/२२ चं राज्य आहे. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन दस्त्यात गडप बसतं, ती कल्पना फारच हुशार. पण ती सेमी-ऑटो आहे, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरली जाते, आणि ऑलिंपिकच्या ५० मीटरला बार एकेक करूनच काढतात. आपल्या वाटेवर ती येत नाही.

पिस्तूल

पिस्तुलाचं गणित वेगळं. २५ मीटरच्या स्पर्धेत नियम कडक असतात: पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको आणि चाप किमान १००० ग्रॅमचा. स्पर्धेआधी चापाला एक किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलतात. चाप सुटला की बाद. त्यामुळे इथे हलका चाप हा गुण ठरत नाही. १००० ग्रॅम बोटाला किती स्वच्छ जाणवतात, ते बघायचं.

माझा कौल इटलीच्या पार्डिनी एसपीला. पाच गोळ्यांचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं, मुठीत नसतं. त्यामुळे मूठ हाताच्या आकाराप्रमाणे हवी तशी कोरता येते आणि नळी हातापासून फार उंच राहत नाही. नळी जेवढी खाली तेवढं बारनंतर तोंड कमी उसळतं. रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच बार चार सेकंदांत काढायचे असतात, तिथे ही गोष्ट गुण देते. विजय कुमारनं २०१२ मध्ये लंडनला रौप्य मिळवलं ते याच प्रकारात. स्विस मोरिनी सीएम २२ आणि फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू ९३ हीही मोठ्या स्पर्धांतली नावं. एडब्ल्यू ९३ चा धक्का तर बाराचा वाटतच नाही, इतका मऊ.

जुन्यांतलं माझं लाडकं म्हणजे सोव्हिएत मार्गोलिन. ते घडवणारा मिखाइल मार्गोलिन तरुणपणी डोक्याला लागलेल्या गोळीनं आंधळा झाला होता. भाग बोटांनी चाचपून त्यानं हे पिस्तूल रचलं. साधं, टणक, आणि चापाची सवय लावायला अजूनही चांगलं. स्मिथ अँड वेसनचं १९५७ चं मॉडेल ४१ सुंदर आहे, पण इथे मिळालं तर नशीब.

मूठ बसवणं हे पिस्तूल घेण्यापेक्षा मोठं काम. लाकडी मूठ हातात घट्ट धरा आणि हात पुढे करून डोळे मिटा. उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे गेली तर मूठ घासावी लागेल किंवा लाकडाची पुट्टी लावून भरावी लागेल. एका वेळी थोडंच घासा, दोन दिवस सराव करा, मग पुढचं. मनगटाला टेकू मिळेल असा आकार मात्र चालत नाही.

आपल्या इशापूरच्या कारखान्याचं 'निडर' हे .२२ रिव्हॉल्व्हर जेमतेम अडीचशे ग्रॅमचं आहे. खिशात ठेवायला हलकं. कागदावर नेम धरायला ते बनवलेलंच नाही, म्हणून स्पर्धेचा विचार असेल तर त्यात पैसे घालू नका.

परवाना

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६. सातारा आणि सांगली दोन्हीकडे परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलिसांची चौकशी, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वय २१ लागतं. त्याहून लहान, पण १२ च्या पुढची मुलं प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली शस्त्र वापरू शकतात, म्हणून शाळकरी मुलाच्या नावानं परवाना मागायची घाई करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांना जास्तीची मुभा असते.

अर्जात कारण 'नेमबाजी' लिहिणार असाल तर जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धेतल्या गुणांचे कागद जोडा. नुसतं 'छंद' लिहून फाइल पुढे सरकत नाही. राज्य स्पर्धा, मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशी चढण आहे. राष्ट्रीय पातळीवर नामांकित नेमबाज ठरलात की परदेशी शस्त्र आणि काडतुसं आयात करण्याची वाट उघडते. बाकीच्यांनी अशा नेमबाजांकडून किंवा परवानाधारक दुकानातून जुनं घ्यायचं.

पिकाच्या राखणीसाठी पॉइंट टू टू मागणारेही भेटतात. रानडुकराला ती पुरेशी नाही, नुसतं जखमी करते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय तसं काही करता येत नाही. चांदोली आणि सागरेश्वरच्या आजूबाजूच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आणि वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुनं शस्त्र घेताना

परवानाधारकाकडून घेताना विकणाऱ्यानं जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. हा वेळ शस्त्र तपासायला वापरा.

बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, धारदार आणि सलग दिसावेत. चेंबरच्या कडेवर पिन आपटल्याचा खड्डा आहे का बघा. रिमफायर रिकामी सोडली की पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि काही बनावटींत तिथे खोच पडते. मग काडतूस आत जाताना अडतं. दस्त्यावरचे ओरखडे मी माफ करतो, ही खोच नाही. चाप चढवून, रिकाम्या बंदुकीचं बूड तळहातानं ठोका. चाप आपोआप सुटला तर व्यवहार थांबवा. शेवटी रेंजवर दहा बार काढा आणि पुंगळ्या ओळीनं मांडा. पिनेची खूण सगळ्यांवर सारखी खोल आणि एकाच जागी हवी. एखादी उथळ असेल तर पिन किंवा स्प्रिंग गेलेली आहे. दुरुस्ती होते, पण ती किमतीतून वजा करा.

काडतुसांची निवड

हा भाग लोक टाळतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गुण सांडतात. ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे जातात. एलीची टेनेक्स, लापुआची सेंटर-एक्स किंवा मिडास प्लस, आरडब्ल्यूएसची आर ५०, सरावाला एसके. नाव कुठलंही घ्या, डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा.

चाचणी अशी करा. वारा पडलेली सकाळ निवडा. जानेवारीत सांगलीत सकाळी सातला तशी मिळते. रायफल टेकूवर ठेवा. नव्या लॉटचे पहिले आठ-दहा बार फुकट घालवा, कारण गोळीवरच्या मेणाचा लेप नळीत नव्यानं बसावा लागतो. मग दहा-दहाचे निदान चार ग्रुप काढा. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर भाळू नका. सगळ्यात लहान ग्रुप कुणाचा हे बघू नका, सगळ्यात वाईट ग्रुप कुणाचा कमी वाईट ते बघा. तो लॉट परवान्यावरच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम उचला.

वाऱ्याचं भान इथेच येतं. सेकंदाला एक मीटरची आडवी झुळूक, चेहऱ्याला जेमतेम कळेल एवढी, गोळीला ५० मीटरवर जवळजवळ एका वर्तुळानं सरकवते. काडतूस वाईट म्हणण्याआधी रेंजवरची वाऱ्याची झेंडी बघा.

बार झाला नाही तर बंदूक समोरच धरून निदान ३० सेकंद थांबा. मसाला उशिरा पेटू शकतो. मग बोल्ट उघडा.

निगा

मॅच नळी जास्त घासल्यानं बिघडते. साफसफाईचा रॉड नेहमी मागून, तो सरळ ठेवणारा गाइड लावून घाला. पुढून घातला की क्राउन जातो. मऊ ब्रश, कापडाचे तुकडे, थोडं सॉल्व्हंट. चेंबरच्या पुढे काजळीचं कडं साठतं, तिथे मात्र लक्ष द्या. सरावानंतर हात आणि तोंड गार पाण्यानं धुवा, मगच वडापाव. शिसं आणि मसाल्याची धूळ बोटांवर असते.

पावसाळ्यात सातारा, जावळी, पाटणकडे ओलावा चार महिने हटत नाही. फोमच्या पेटीत बंदूक बंद ठेवू नका, फोम पाणी धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या, तेलाचा पातळ हात आणि आठवड्याला एक नजर. जत-आटपाडीकडे गंजाचा त्रास कमी, धुळीचा जास्त. तिथे तेल कमी लावा, नाहीतर त्याचा चिखल होतो. कृष्णाकाठच्या सांगलीकरांनी शस्त्राचं कपाट तळमजल्यावर ठेवूच नये. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं ते शिकवलं आहे. काडतुसं वेगळ्या कुलपात, तीही वरच.

निवडणुका लागल्या की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. स्पर्धेत भाग घेणाऱ्या नेमबाजांना सूट असते, पण ती मागावी लागते. संघटनेचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक घेऊन वेळेत अर्ज करा. सूट नाही मिळाली तर जमा करण्याआधी नळीला आतून तेल लावा, साइट काढून घरी ठेवा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर, बोल्टचा नंबर आणि मॅगझिनची संख्या लिहून घ्या. परत घेताना तिथेच बोल्ट उघडून नंबर जुळवा आणि नळीतून आरपार बघा. घरी आल्यावर पहिला बार काढण्याआधी आतलं तेल कोरड्या कापडानं पूर्ण पुसून काढा.